गाडी गेली परराज्यात, नाव राहिलं गावात

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण दारात मोटारसायकल, कार, टेम्पो, काहीही उभं असेल आणि ते आज ना उद्या विकायचं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. घरात कुणी गाडी विकायच्या बेतात असेल तर त्याला वाचून दाखवा.

मुद्दा साधा आहे. परराज्यातल्या माणसाला गाडी विकली की गाडी जाते, पैसे येतात, पण आरसीवरचं नाव तुमचंच राहतं. आणि नाव तुमचं आहे तोवर कायद्याच्या लेखी गाडी तुमचीच. तिकडे सिग्नल तोडला, दंड तुमच्या मोबाईलवर. तिकडे माणूस उडवला, भरपाईची नोटीस तुमच्या दारात. तिकडे कुणी तिचा गुन्ह्यात वापर केला, पोलीस पहिल्यांदा तुमच्याकडे. गाडीचं स्टेअरिंग चौथ्याच्या हातात, आणि हिशेब मात्र तुमच्या नावावर.

"असं थोडंच होतं?" म्हणणाऱ्यांनी मागच्या वर्षीचा नोव्हेंबर आठवा. १० नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ, दिल्लीत लाल किल्ला मेट्रो स्थानकाजवळ कारमध्ये स्फोट झाला. गाडी हरियाणाच्या नंबरची. नंबरावरून तपास निघाला तो पहिल्यांदा गुरुग्रामच्या ज्या माणसाच्या नावावर ती नोंदलेली होती, त्याच्या दारात. त्यानं ती आधीच विकलेली. मधे गाडी अनेक हातांतून फिरलेली, कागदावर नाव मात्र जुनंच. देश हादरवणारी घटना आणि पहिला प्रश्न एका माणसाला, ज्याचा दोष एवढाच की गाडी दिली आणि नाव काढून घ्यायचं राहिलं. तो माणूस आपल्यापैकी कुणीही असू शकतो. आपल्याकडे किती जणांनी असंच केलंय ते गावात जरा विचारून बघा.

आता आपल्या भागाचं बोलतो. जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत, दादर, हा सगळा पट्टा गणपतीवर चालतो. कारखाना म्हटलं की टेम्पो आला. छोटा हत्ती, पिकअप, मोठा टेम्पो. माती आणायला, मूर्ती पोचवायला. चार-सहा हंगाम रगडून काढले की गाडी थकते, गणपती झाले की हातात पैसा असतो, मग जुनी काढायची आणि नवी घ्यायची. जुनीला इथं भाव येत नाही. दलाल येतो, म्हणतो, गुजरातचं गिऱ्हाईक आहे, दहा-पंधरा हजार जास्त देईल. कधी कर्नाटक, कधी मध्य प्रदेश. व्यवहार अर्ध्या तासात. दलाल पिशवीतून फॉर्म काढतो, "इथं सही, इथं सही, मागं पण एक." फॉर्म कोरे. खरेदीदाराचं नाव कोरं, तारीख कोरी. सोबत स्टँप पेपर. पूर्वी शंभराचा चालायचा, आता सरकारनं तो बंद करून पाचशेचा केला, म्हणजे फसवून घ्यायचा खर्चसुद्धा वाढला. एक आधारची झेरॉक्स, दोन फोटो, आणि गाडी खारपाड्याचा पूल ओलांडून गेली.

आमच्याच भागातला एक कारखानदार महिन्यापूर्वी माझ्याकडे आला. नाव लिहीत नाही, त्याची परवानगी नाही. हातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस, तीही दुसऱ्या राज्यातली. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या छोट्या हत्तीनं तिकडे एका सायकलवाल्याला ठोकर मारलेली. गाडीचा विमा संपलेला. मला म्हणाला, "दादा, गारी इकली, पैसं भेटलं, आता मना कशाला बोलावतान?" मी त्याला विचारलं, विकल्याचा कागद काय आहे? त्यानं स्टँप पेपरची झेरॉक्स काढली. खरेदीदाराच्या नावाच्या जागी नुसतं टिंब टिंब. दलालाचा फोन बंद. या माणसानं आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. आता वकील शोधतोय, तोही परक्या मुलखात, परक्या भाषेत.

बरेच जण इथं म्हणतील, त्याची चूक आहे, कोऱ्या फॉर्मवर सही केलीच का? बरोबर. पण मला राग त्याच्यावर नाही. कोऱ्या सहीवर आख्खा बाजार चालतो, हे ज्यांना रोज दिसतं आणि तरी ज्यांना काही करावंसं वाटत नाही, राग त्यांच्यावर आहे. माणसं कायदा टाळतात तेव्हा दर वेळी माणसंच वाईट नसतात. कधी कधी कायद्याची वाटच अशी असते की सरळ माणूससुद्धा आडवाटेनं जातो.

ती वाट कशी आहे बघा.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम २(३०) म्हणतं, गाडीचा मालक म्हणजे ज्याच्या नावावर ती नोंदलेली आहे तो. पैसे कुणी दिले, चावी कुणाकडे आहे, हे नाही विचारत. यावर सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे हातोहात गेलेली, अपघात मे २००९ मध्ये. उच्च न्यायालयानं शेवटच्या खरेदीदाराला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि सांगितलं, नोंद ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. त्यामागचं कारण मला पटतं. अपघातात ज्याचा माणूस गेला त्यानं खरेदीदारांची साखळी शोधत गावोगाव फिरायचं का? त्याला एक नाव हवं, ते आरसीवर आहे. न्यायालयानं जखमी माणसाचा विचार केला, योग्यच केलं. पण मग नाव लवकरात लवकर बदलेल अशी सोय करणं हे सरकारचं काम होतं. निकाल येऊन आठ वर्षं झाली. सोय कुठे आहे?

राज्यातल्या राज्यात विकली तर गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. पेणच्या एमएच-०६ ची गाडी पुण्याला गेली तरी नंबर तोच राहतो, राज्याचा कर पुन्हा भरावा लागत नाही. पण तीच गाडी वापीला गेली की जणू परदेशात गेली. आधी इथल्या आरटीओकडून ना हरकत दाखला, म्हणजे एनओसी. त्याचा फॉर्म २८, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवा, त्याचा फॉर्म ३५. कर बाकी नको, चलन बाकी नको, चोरीची नोंद नाही याची खात्री. मग घेणाऱ्यानं तिकडच्या आरटीओकडे जायचं, गाडी दाखवायची, तिथला कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा. एवढं सगळं झालं की आरसीवरचं तुमचं नाव जाणार.

या वाटेत सगळ्यात मोठा खड्डा कराचा. आपण गाडी घेताना एकरकमी कर भरतो, गाडीच्या आयुष्यभराचा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला ११ टक्के. आठ लाखांची गाडी असेल तर ८८ हजार रुपये. पाच वर्षांनी ती कर्नाटकात विकली, तर तिथला खरेदीदार तिथल्या दरानं पुन्हा कर भरणार. आणि इथं भरलेल्या कराचा उरलेला भाग? तो परत मिळतो, कायद्यात तशी तरतूद आहे. पण मागावा लागतो, अर्ज करावा लागतो, गाडीची दुसरीकडे नोंद झाल्याचा पुरावा जोडावा लागतो. तो पुरावा कुणाकडे? खरेदीदाराकडे. तो कुठे? देव जाणे. तुमच्या ओळखीत असा परतावा मिळालेला एक तरी माणूस आहे का सांगा. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, मला अजून भेटलेला नाही.

म्हणजे एकाच गाडीवर दोन राज्यं कर घेतात, आणि दुसरा कर टाळायचा म्हणून खरेदीदार नावावर करूनच घेत नाही. एमएच पाटीवरच गाडी चालवतो. कायदा म्हणतो, दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायला हवा. पण ती कधी आली हे कोण मोजणार? पकडलं तर म्हणायचं, काल आणली. खरेदीदाराचा फायदा, दलालाचा फायदा. आपलं सरकार वसूल केलेला कर परत देत नाही, त्याचाही फायदा. तोटा फक्त एकाचा, ज्याचं नाव पाटीमागे आहे त्याचा. तो तर व्यवहारातून कधीच बाहेर पडलाय असं समजून निवांत झोपलेला असतो.

आता अधिकारी मंडळी काय म्हणतील तेही लिहितो, कारण हे मुद्दे मी ऐकलेले आहेत.

पहिला मुद्दा, एनओसी लागतेच, नाहीतर चोरीच्या गाड्या राज्याबाहेर जातील. मान्य. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांत नवी मुंबईतून चोरलेल्या गाड्या वापरल्या गेल्या होत्या, ते मी विसरलेलो नाही. तपासणी हवीच. पण तपासणी म्हणजे माणसानं खेटे घालणं नव्हे. आज गाडीची नोंद, कर, चलन, विमा, फिटनेस, सगळं 'वाहन' पोर्टलवर आहे. मोबाईलवर नंबर टाकला की विम्याची तारीख दिसते. मग त्याच यंत्रणेला स्वतःच्याच माहितीवरून दाखला द्यायला दिवस का लागावेत?

आणि कायदा याबाबत झोपलेला नाही बरं का. कलम ४८ वाचा. एनओसीचा अर्ज आला की ३० दिवसांत दाखला द्यायचा किंवा नाकारायचा. नाकारायचा तर कारण लेखी द्यायचं. ३० दिवसांत नकार कळवला नाही तर दाखला दिला असंच समजायचं. हे १९८८ पासून कायद्यात छापलेलं आहे. पुढे कलम ५० सांगतं की हातात एनओसी नसेल तरी अर्जाची पोच, किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवलेल्या अर्जाची पोचपावती, आणि नकार आलेला नाही असं स्वतःचं घोषणापत्र, यावरही तिकडच्या आरटीओकडे कळवता येतं. विक्रीपासून ४५ दिवसांच्या आत. कायदा लिहिणाऱ्याला माहीत होतं की कचेरीत कागद अडतात. त्यानं पळवाट नव्हे, चांगली रुंद वाट ठेवली होती. ही वाट आहे असं किती जणांना कुणी सांगितलंय? कुठल्या कचेरीच्या भिंतीवर हे कलम लावलंय? "एजंटकडून करून घ्या" एवढंच ऐकू येतं.

दुसरा मुद्दा, कर हा राज्यांचा विषय, केंद्र काय करणार? हे अर्धसत्य आहे. गाड्यांवरचा कर राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकावर आहे, खरं. पण त्याच ओळीत पुढे लिहिलंय की तो समवर्ती सूचीतल्या ३५ व्या नोंदीच्या अधीन आहे. आणि ती ३५ वी नोंद म्हणते, अशा गाड्यांवर कर कोणत्या तत्त्वांवर लावायचा, हे ठरवायचा अधिकार केंद्रालाही आहे. म्हणजे संसदेनं उद्या ठरवलं की गाडी राज्य बदलली तर उरलेला कर पहिल्या राज्यानं दुसऱ्याला वर्ग करावा, तर दार बंद नाही. जीएसटीत राज्याराज्यांत रोज पैसे वळते होतात. एका टेम्पोच्या करासाठीच हात का अडतो?

आणि ज्यांच्यासाठी करायचं होतं त्यांच्यासाठी केलंच की! २०२१ साली बीएच मालिका आली. संरक्षण दलातले, सरकारी, सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी. त्यांना कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. छान योजना. पण जोह्याचा मूर्तिकार, वडखळचा भाजीवाला, रोह्याचा टेम्पोवाला यात कुठे आहे? बदलीच्या नोकरीवाल्याला राज्याची सीमा आड येऊ नये, आणि धंदेवाल्याला यावी, हा कुठला न्याय?

तिसरा मुद्दा, लोकच जागरूक नाहीत. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. लोकांना जागरूक व्हायला सांगायचं आणि व्यवस्था मात्र अशी ठेवायची की जागरूक माणसालाही काही करता येऊ नये. समजा तुम्ही सगळं नीट केलंत. एनओसी काढून दिलीत, फॉर्म भरून दिलेत. पुढे खरेदीदारानं ती एनओसी कपाटात ठेवली आणि नोंदच केली नाही, तर? नाव तुमचंच. तुम्ही त्याच्या राज्यात जाऊन, त्याच्या वतीनं, त्याचा कर भरून नाव बदलू शकत नाही. म्हणजे तुमची सुटका कशी, तर दुसऱ्याच्या मर्जीवर. यात जागरूकता काय करणार?

इंग्लंडमध्ये कसं आहे तेही सांगतो, तुलना करायची हौस म्हणून नाही, तर हे जमतं हे दाखवायला. तिथं गाडी विकली की विकणारा स्वतः त्यांच्या वाहन नोंदणी खात्याला ऑनलाइन कळवतो, गाडी अमुक तारखेला अमुक माणसाला दिली. पुढची जबाबदारी नव्या माणसाची. आणि भरलेल्या करातले जेवढे पूर्ण महिने उरलेत त्यांचे पैसे विकणाऱ्याला परत येतात, वेगळा अर्ज न करता. नवा मालक स्वतःचा कर स्वतः भरतो. भांडणाला जागाच नाही. आणि आपल्याकडे? २०२२ च्या सप्टेंबरात केंद्रानं आधारच्या ओळखीवर परिवहनाच्या ५८ सेवा ऑनलाइन करायची अधिसूचना काढली. मालकी हस्तांतर त्यात आहे. म्हणजे ओटीपी आहे, पोर्टल आहे, आधार आहे. नाही ती फक्त "मी गाडी विकली, इथून पुढे मी नाही" असं सांगायची खिडकी.

एक गोष्ट मात्र सरकारनं केली आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम आले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. व्यापाऱ्यानं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकानं त्याच्याकडे गाडी सोपवली की फॉर्म २९-सी भरून ऑनलाइन कळवायचं. त्या क्षणापासून गाडीचा मालक तो व्यापारी समजला जाणार, काही बरंवाईट झालं तर तोच जबाबदार. वाचलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. हाच तर इलाज! पण जमिनीवर बघा. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा, कुठेही रस्त्याकडेला जुन्या गाड्यांची रांग लावून बसलेल्याला विचारा, अधिकारपत्र दाखव. बघा काय उत्तर येतं. आणि जो पिशवी घेऊन गावात फिरतो त्याचं तर दुकानच नाही, त्याला कोण विचारणार? नियम चांगला, पण तो मोडणाऱ्यावर कारवाई झाल्याची बातमी मला आजवर छापायला मिळालेली नाही.

आता आपल्या मागण्या. मी पत्रकार आहे, निवेदन देणं माझं काम नाही म्हणतात. पण ही पोस्ट निवेदन समजा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी आणि राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक, दोघांच्या खात्यांना ती जाऊ दे.

एक. विकणाऱ्याला 'वाहन' पोर्टलवर विक्री कळवता आली पाहिजे. दोघांचा आधार, दोघांचे ओटीपी, तारीख, वेळ. त्या मिनिटापासून चलन, दंड, पोलीस चौकशी नव्या माणसाकडे. नोंद पूर्ण व्हायची तेव्हा होवो. त्यासाठी मालकाची व्याख्या बदलावी लागली तर बदला. व्यापाऱ्याच्या बाबतीत नियम करून केलंत ना, मग साध्या माणसाच्या बाबतीत का नाही?

दोन. कलम ४८ चे ३० दिवस संगणकात घाला. ३१ व्या दिवशी कुणाच्या सहीविना एनओसी आपोआप निघाली पाहिजे. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, निदान त्याची लाज राखा.

तीन. कराचा परतावा विकणाऱ्याच्या खात्यावर आपोआप. गाडीची दुसऱ्या राज्यात नोंद झाली हे पोर्टलला कळतं, मग पैसे परत द्यायची वेळ आली की कागद का मागता? घेताना ऑनलाइन आणि देताना ऑफलाइन, हे बंद करा.

चार. जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्यांची तालुकावार यादी जाहीर करा. आरटीओच्या दारात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. यादीत नाही त्याला गाडी देऊ नका असं लोकांना सांगता येईल.

पाच. कोऱ्या फॉर्मवरचा धंदा रोखा. व्यवहाराच्या वेळी दोघांची ओळख पटल्याशिवाय हस्तांतराचा फॉर्मच निघू नये.

यातली एकही मागणी पैशाची नाही. धरण बांधायचं नाही, पूल बांधायचा नाही. मुंबई-गोवा महामार्गासाठी आपण किती वर्षं तोंडाकडे बघत बसलो ते सगळ्यांना माहीत आहे. हे त्यापेक्षा सोपं आहे, इच्छा असली तर.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं? माझ्याकडे येणाऱ्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

कोऱ्या फॉर्मवर सही नाही. दलाल कितीही घाई करो, "गिऱ्हाईक सुटेल" म्हणो. सुटू दे. खरेदीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

पैसे खरेदीदाराच्या खात्यातून तुमच्या खात्यात घ्या. रोखीतला व्यवहार उद्या कोर्टात सिद्ध करताना घाम फुटतो. खरेदीदाराचं आधार, फोटो, मोबाईल नंबर, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट, तिच्यावर दोघांच्या सह्या. तारखेसोबत वेळ का? कारण त्याच दिवशी संध्याकाळी अपघात झाला तर सकाळी गाडी कुणाकडे होती हे सांगावं लागतं.

एनओसीचा अर्ज तुम्हीच करा, दलालावर सोडू नका. आधी बोजा उतरवा, चलनं भरा. अर्जाची पोच जपून ठेवा, सोन्याच्या पावतीसारखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर कलम ४८ चा उल्लेख करून लेखी विचारा. व्यवहार झाल्यावर ४५ दिवसांच्या आत खरेदीदाराच्या भागातल्या आरटीओला रजिस्टर पोस्टानं कळवा, एक प्रत इथल्या आरटीओला. पोचपावती फायलीत.

जमलं तर थोडे पैसे बाकी ठेवून घ्या, आरसीवर नाव बदलल्यावर घ्यायचे असं डिलिव्हरी नोटवर लिहा. खरेदीदाराला नाव बदलायची घाई व्हायला याहून चांगलं औषध नाही. तो तयार नसेल तर त्याचा नाव बदलायचा विचारच नाही असं समजा.

विमा कंपनीला विक्री लेखी कळवा. गाडीसोबत विमा नव्या माणसाकडे जातो असं कायदा मानतो, पण त्यानं १४ दिवसांत नाव बदलायला अर्ज करायचा असतो. खरा धोका पुढच्या वर्षी. त्यानं विमा भरलाच नाही आणि आरसीवर नाव तुमचं असेल, तर भरपाई तुमच्या खिशातून. म्हणून दर काही महिन्यांनी पोर्टलवर आपल्या जुन्या गाडीचा नंबर टाकून बघत जा. नाव बदललं का? विमा चालू आहे का?

फास्टॅग गाडीसोबत देऊ नका. तो बंद करा, अनामत परत घ्या. नाहीतर तो परराज्यात फिरणार आणि टोल तुमच्या खात्यातून.

आणि ज्यांनी आधीच कोऱ्या सह्या दिल्यात त्यांनी हात जोडून बसू नका. आज खरेदीदाराला शोधा. सापडला तर नाव बदलून घ्या. नाही सापडला तर आपल्या आरटीओला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या, विकल्याची तारीख घालून. यानं आरसीवरचं नाव जाणार नाही, भरपाईची जबाबदारी टळेलच असंही नाही, पण उद्या कुणी विचारलं तर तुम्ही वेळेवर सांगितलं होतं याचा पुरावा हातात राहील. नोटीस आली असेल तर ती टाळू नका. हजर राहिला नाहीत तर तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल लागतो.

आमचा तो कारखानदार पुढच्या आठवड्यात परराज्यात तारखेला निघालाय. हंगामाची माती भरायचे दिवस, कारखाना भावावर सोडून. त्याला गाडी विकून जेवढं मिळालं त्याहून जास्त वकिलाला आणि येण्याजाण्याला जाणार, हे त्यालाही कळतंय. आणि त्या सायकलवाल्याच्या घरचे? त्यांना हवेत फक्त दवाखान्याचे पैसे. त्यांना काय माहीत की ज्याच्या नावानं नोटीस काढली तो तीन वर्षांत त्या गाडीला हातही न लावलेला, पेण तालुक्यातला गणपती करणारा माणूस आहे. दोन गरीब घरं समोरासमोर उभी केलीत. ज्यानं गाडी चालवली तो, ज्यानं विकवून दिली तो, आणि ज्यांनी दोनदा कर घेण्याची सोय ठेवली ते, यातलं त्या कोर्टात कुणी नसणार.

तुमच्या घरातल्या जुन्या गाडीचा नंबर आठवतोय? आज रात्री पोर्टलवर टाकून बघा. नाव अजून तुमचंच असेल तर मला कळवा. किती निघतात ते मोजू आणि तो आकडा घेऊन परिवहन खात्याच्या दारात जाऊ. निवेदन मी लिहितो, सह्या तुमच्या. या वेळी कागद कोरा नसेल.